किती वेळा तापला हा दगड?

आज नेहमीचा हप्ता, कर्ज आणि व्याजाचा विषय नाही. आज आम्ही एका दगडाची गोष्ट सांगणार आहोत. विषय जरा वेगळा आहे, पण आमच्या बैठकीतूनच तो निघाला, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

झालं असं. लालबागच्या आमच्या गटातल्या एका काकींचे दोन हप्ते चुकले. काकी म्हणजे हिशेबाला पक्क्या. मसाल्याच्या दिवसांत मिरच्या निवडण्यापासून कांडपापर्यंत सगळ्यांत पुढे. त्यांचा हप्ता कधी एक दिवसही मागे पडला नव्हता. बैठकीत कोणी काही बोललं नाही, पण बैठक संपल्यावर त्या थांबल्या आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक काळा दगड काढून आमच्या पुढ्यात ठेवला. "हा उल्केचा खडा आहे. साडेतीन हजाराला घेतला. मुलीच्या क्लासची फी म्हणून कर्ज उचललं, ते यात गेलं. घरात ठेवला की अडलेली कामं होतात म्हणाला तो. आता सांगायची लाज वाटते."

आम्ही सगळ्या कला शाखेच्या, कोणी बारावी तर कोणी बीए. दगड खरा की खोटा, आम्हाला काय कळणार? पण गटाचा पैसा होता आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काकींची मान खाली गेली होती. म्हणून काकींना घेऊनच आम्ही भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी दगड हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि काकींना विचारून त्याचा एक कोपरा फोडला. आत काचेसारखी चकाकी होती आणि बारीक बारीक भोकं होती, जाळीदार डोशासारखी. बाई म्हणाल्या, "काकी, ही भट्टीतली मळी आहे. लोखंड वितळवताना वर तरंगते ती. ती ओतली, भरभर थंड झाली, आतला वायू अडकला, त्याची ही भोकं. हा दगड एकदाच तापलाय. आकाशातून आलेला दगड एवढ्या साध्या हिशेबात बसत नाही. त्याला विचारायचं असतं, बाबा रे, तू किती वेळा तापलास?"

तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. मग बाईंकडे दोनदा जाऊन, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन जाऊन आणि थोडं वाचून आम्ही जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. रात्री आकाशात सर्रकन रेघ ओढल्यासारखा उजेड दिसतो, ती उल्का. ती बहुतेक वेळा वरच जळून संपते. जो तुकडा उरतो आणि जमिनीवर येऊन पडतो, त्याला अशनी म्हणतात. म्हणजे हातात धरता येते ती अशनी. बहुतेक अशनी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून आलेल्या असतात.

या अशनींत काही जाती अशा आहेत, की त्या तयार झाल्यापासून पुन्हा कधी पूर्ण वितळल्याच नाहीत. आपली पृथ्वी एकेकाळी वितळली, लोखंड खाली मध्यभागी गेलं, हलका दगड वर आला. त्यात सुरुवातीच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. या आदिम अशनींत त्या खुणा अजून आहेत. सगळ्यांत नावाजलेली अशनी म्हणजे आयेंदे. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आयेंदे गावाच्या आसपास दगडांचा पाऊस पडला. दोन टनांहून जास्त तुकडे गोळा झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. तिथून येणारे दगड तपासायला प्रयोगशाळा सज्ज होत्या, तेवढ्यात आकाशानेच हा माल आधी पाठवला.

आयेंदेचा तुकडा कापला, की आत राखाडी-काळ्या रंगात पांढरे ठिपके दिसतात. काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे, क्वचित त्याहूनही मोठे आणि वेडेवाकडे. काळ्या वाटाण्याच्या उसळीत खोबऱ्याचे तुकडे दिसावेत तसे. हे ठिपके कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेले आहेत. त्यांचं वय मोजलं आहे: सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षं. आपल्या सूर्यमालेतला याहून जुना, इथेच तयार झालेला घन पदार्थ अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. म्हणून सूर्यमालेचं वय सांगताना शास्त्रज्ञ या पांढऱ्या कणांपासून मोजायला सुरुवात करतात. बाळाचा वाढदिवस जन्मदाखल्यावरून धरतो तसं. आजची आमची गोष्ट या कणांची आहे.

हे कण तयार कसे झाले? तेव्हा सूर्य नुकताच पेटत होता. त्याच्याभोवती वायू आणि धुळीची मोठी फिरती तबकडी होती. सूर्याजवळचा भाग इतका तापलेला होता, की तिथे दगडसुद्धा वाफ होऊन राहत होता. ती वाफ निवायला लागल्यावर काय होईल? कापराचं उदाहरण घ्या. वाटीत कापूर ठेवून खालून मंद आच द्या आणि वर झाकण ठेवा. कापराची वाफ होते आणि झाकणाला पुन्हा पांढरा कापूर धरतो. मध्ये पाणी होत नाही, थेट वाफेतून घन. तसंच तिथे झालं. सगळ्यांत आधी, सुमारे १३०० ते १५०० अंश सेल्सिअस एवढ्या भयंकर उष्णतेतही जे पदार्थ घन होऊ शकतात, तेच घन झाले. त्यात पहिला मान कुरुंदाचा. माणिक आणि नीलम हे रंगीत कुरुंदच असतात, बरं का. मग हिबोनाइट, मेलिलाइट, स्पिनेल अशी खनिजं आली. स्पिनेल हेही रत्नच, जुन्या काळी लाल स्पिनेलला लोक माणिक समजत. लोखंड आणि साध्या दगडातली खनिजं त्यांच्या मागून, जरा निवल्यावर.

काही पांढरे कण अजून तसेच आहेत, पिंजलेल्या कापसासारखे भुसभुशीत. वाफेतून धरले आणि पुढे कधी वितळले नाहीत. पण बऱ्याच कणांचं नशीब असं नव्हतं. ते पुन्हा तापले. आणि एकदाच नाही.

हे कशावरून कळलं? इथे आपल्याला स्वयंपाकघरातलं ज्ञान कामाला येतं.

पहिली खूण दाण्यांच्या आकाराची. साखरेचा पाक करून तो ताटात पसरून पटकन निववला, तर चिक्कीसारखा काचेरी होतो, त्यात दाणा दिसत नाही. तीच साखर पाण्यात विरघळवून, दोरा सोडून, दिवसेंदिवस हळूहळू निवू दिली तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. पदार्थ तोच, फरक निवण्याच्या वेगाचा. आयेंदेतल्या काही पांढऱ्या कणांत चांगले मोठे स्फटिक आहेत. म्हणजे हे कण वितळून थेंब झाले होते आणि मग सावकाश निवले. शास्त्रज्ञांनी तशाच मिश्रणाचे थेंब भट्टीत वितळवले, वेगवेगळ्या वेगाने निववले आणि कोणत्या वेगाला तसेच स्फटिक मिळतात ते पाहिलं. उत्तर आलं, तासाला साधारण अर्धा अंश ते पन्नास अंश. हिशेब करा. थेंब १४०० अंशांवरून १००० अंशांवर यायचा असेल आणि तासाला दहा अंश निवत असेल, तर चाळीस तास लागतील. अर्धा अंशच निवत असेल, तर महिना. उघड्या अवकाशात एकटा पडलेला थेंब एवढा वेळ घेणार नाही, तो काही सेकंदांत गोठेल. म्हणजे त्याच्या आजूबाजूचं सगळंच गरम होतं. चूल बंद केली तरी चुलीजवळचं भांडं लवकर निवत नाही, तसं.

दुसरी खूण उरलेल्या कणांची. तूप कणीदार कसं होतं आठवा. थिजलेलं तूप जरासं गरम केलं, सगळं वितळू दिलं नाही आणि पुन्हा ठेवून दिलं, तर उरलेल्या कणांभोवतीच नवी कणी धरते. पांढऱ्या कणांत असंच दिसतं. साधारण १४०० अंशांपर्यंत तापल्यावर मेलिलाइट वितळलं, पण स्पिनेल पूर्ण विरघळायला त्याहून जास्त आच लागते. म्हणून स्पिनेलचे बारके दाणे तसेच राहिले आणि त्यांच्याभोवती नवे स्फटिक वाढले. काही ठिकाणी मेलिलाइटच्या स्फटिकातही मधला भाग जुना आणि बाहेरचा नंतरचा, असा फरक सापडतो. अर्धवट वितळला, पुन्हा गोठला, परत तापला. प्रत्येक वेळी आच सारखी नव्हती, म्हणून आधीच्या खुणा पूर्ण गेल्या नाहीत.

तिसरी खूण आटण्याची. पाक जास्त वेळ आचेवर राहिला की पाणी उडून जातं आणि तो घट्ट होतो. पुन्हा पुन्हा आचेवर घेतला, तर आणखी घट्ट. हे कण वितळलेले असताना त्यांतलं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोडं थोडं वाफ होऊन उडालं. आता गंमत बघा. मॅग्नेशियमच्या अणूंतही हलके आणि जड असे भाऊ असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना समस्थानिक म्हणतात. वाफ होताना हलका भाऊ आधी उडतो, जड मागे राहतो. म्हणून ज्या कणात जड भावांचं प्रमाण जास्त, तो आचेवर जास्त आटला, असं ओळखता येतं.

चौथी खूण ऑक्सिजनची, आणि ती सगळ्यांत बोलकी. ऑक्सिजनचे तीन समस्थानिक आहेत: १६, १७ आणि १८. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आयेंदेच्या पांढऱ्या कणांत ऑक्सिजन-१६ चं प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांपर्यंत जास्त आढळलं. पण एकाच कणात सगळी खनिजं सारखी नव्हती. स्पिनेलमध्ये ऑक्सिजन-१६ भरपूर, आणि शेजारच्याच मेलिलाइटमध्ये कमी. एकाच पातेल्यात शिजलेल्या दोन पदार्थांची चव वेगळी कशी?

साबुदाणा आणि शेंगदाणे एकाच पाण्यात अर्धा तास भिजत घाला. साबुदाणा पाणी पिऊन फुगतो, शेंगदाणा जवळजवळ तसाच. इथेही तसंच झालं. कण जन्मला तेव्हाच्या वायूत ऑक्सिजन-१६ जास्त होता. नंतर तो पुन्हा तापला, तेव्हा भोवतीचा वायू बदललेला होता. मेलिलाइट वितळलं आणि त्याने नव्या वायूतला ऑक्सिजन घेतला. स्पिनेल घट्ट राहिलं, त्याने जुनाच सांभाळला. १९९८ मध्ये हिसायोशी युरिमोटो या जपानी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर आयेंदेतला असाच एक कण तपासला. थेंब गोठत असताना हा बदल सुरू होता आणि पुढे कण पुन्हा तापला तेव्हाही तो झाला, असं त्यांना दिसलं. मग प्रश्न आला, जन्माच्या वेळचा तो ऑक्सिजन खरंच सूर्याचा होता का? जेनेसिस नावाच्या यानाने सूर्याकडून वाहणारे कण गोळा केले. २००४ मध्ये परतताना यानाची कुपी वाळवंटात आदळून फुटली, तरी शास्त्रज्ञांनी आतले नमुने वाचवले. २०११ मध्ये निकाल आला. सूर्याचा ऑक्सिजन आपल्या पृथ्वीसारखा नाही, तो या पांढऱ्या कणांच्या जवळचा आहे. म्हणजे वेगळे आपण आहोत. हे कण आईच्या तोंडवळ्यावर गेलेले आहेत.

पाचवी खूण कडेची. बऱ्याच कणांना बाहेरून पातळ थरांची किनार असते, केसापेक्षाही बारीक. एका थरात स्पिनेल, त्यावर दुसरं खनिज, त्यावर तिसरं. वार्क आणि लव्हरिंग या दोघांनी १९७७ मध्ये तिचं नीट वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आतला कण तयार झाल्यानंतर तो पुन्हा तीव्र उष्णतेत सापडला, त्याची ती नोंद.

आता तुम्ही म्हणाल, तापला असेल दहादा, आपल्याला काय त्याचं? इथेच खरी अडचण आहे. आपण या कणांना सूर्यमालेचा जन्मदाखला मानतो ना? मग दाखल्यावरची तारीख पुन्हा तापल्यामुळे बदलली असेल तर?

यासाठी घड्याळ कसं चालतं ते पाहू. त्या काळी ॲल्युमिनियम-२६ नावाचा किरणोत्सारी भाऊ होता. तो सुमारे ७ लाख वर्षांत निम्मा संपतो आणि त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं. आज तो एकही उरलेला नाही, पण त्याचं मॅग्नेशियम जागेवर सापडतं. १९७६ च्या सुमारास टायफून ली, पापानास्तास्यू आणि वासरबर्ग यांनी आयेंदेच्या पांढऱ्या कणात हे दाखवलं. कोणत्या कणात ॲल्युमिनियम-२६ सुरुवातीला किती होतं, यावरून कोण आधीचा आणि कोण नंतरचा हे कळतं.

कण पुन्हा वितळला की हे मॅग्नेशियम सगळीकडे सारखं मिसळतं आणि घड्याळ नव्याने सुरू होतं. आपल्या गटाचं रजिस्टर भरलं की नवं काढतो ना, तसं. पण नव्या रजिस्टरच्या पहिल्या ओळीत काय लिहितो? मागील शिल्लक. कणातही तसंच होतं. आधी साठलेलं मॅग्नेशियम-२६ मिसळून जातं, नाहीसं होत नाही. ते मागील शिल्लक म्हणून दिसतं आणि या कणाचं जुनंही एक खातं होतं हे सांगतं. अशी खाती ताडून पाहिल्यावर कळलं, की न वितळलेले कण फार थोड्या काळात एकदम तयार झाले, आणि वितळलेल्या कणांची तारीख त्यानंतर साधारण २ लाख वर्षांपर्यंत पसरलेली आहे. ४५६ कोटींपुढे दोन लाख म्हणजे काहीच नाही. जन्मदाखला खोटा ठरला नाही. उलट जन्मानंतरचे पहिले दिवस कसे गेले, तेही त्यावर लिहिलेलं सापडलं.

या कामात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे देवेंद्र लाल यांच्या गटाने अशनींचा आणि अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या नमुन्यांचा अभ्यास केला. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे शास्त्र तिथे रुजलं. त्याच प्रयोगशाळेत जितेंद्रनाथ गोस्वामी, श्रीनिवासन आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्याने कझाकस्तानात सापडलेल्या एफ्रेमोव्का या अशनीतले पांढरे कण तपासले. आयेंदे सोडून एफ्रेमोव्का का? कारण आयेंदेचे कण नंतरच्या उष्णतेने आणि पाण्याने जास्त बदलले आहेत, एफ्रेमोव्काचे कमी. जुनी नोंद वाचायची तर कमी खाडाखोड झालेली वही घ्यायची. १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं, की या कणांत जन्माच्या वेळी कॅल्शियम-४१ जिवंत होतं. ते तर सुमारे १ लाख वर्षांतच निम्मं होतं. म्हणजे ते कुठेतरी तयार झालं आणि या कणांत येऊन अडकलं, यांत दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळ गेला. शिळं झालं असतं तर सापडलंच नसतं. हेच गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक होते.

मग हे कण पुन्हा पुन्हा तापले कशाने? लहानपणी सूर्य शांत नव्हता. आजही आकाशात असे तरुण तारे दिसतात, जे मध्येच भडकतात, कित्येक वर्षं तेजाने जळतात आणि मग मंदावतात. तबकडीत वायूच्या धक्क्याच्या लाटाही उठत. कण सूर्याजवळ ओढला जाई, तापे, बाहेर फेकला जाई, कधी परत आत येई. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण कण दूर फेकले जात होते हे नक्की. २००६ मध्ये स्टारडस्ट यानाने एका धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणली. धूमकेतू म्हणजे सूर्यमालेच्या गोठलेल्या कडेचा रहिवासी. त्याच्या धुळीतही चुलीजवळ जन्मलेला असाच कण निघाला.

शेवटी हे कण धुळीबरोबर लघुग्रहांत गोळा झाले. तिथेही सगळ्यांची सुटका झाली नाही. ॲल्युमिनियम-२६ संपताना उष्णता देतं, त्याने लघुग्रह आतून तापले. म्हणून दगडी अशनींना क्रमांक देतात. तिसरा क्रमांक म्हणजे उष्णतेने फारसा न बदललेला, सहावा म्हणजे आतून चांगलाच भाजलेला. आयेंदे तिसऱ्या क्रमांकाची. आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण सहाव्याचं आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात, संत्र्यांच्या काटोलला, दगडांचा पाऊस पडला. काटोलची अशनी वेगळ्या जातीची, तिच्यात आयेंदेसारखे ठळक पांढरे ठिपके नाहीत. पण पुन्हा पुन्हा तापण्याची कथा तिचीही आहे. तिचे सुरुवातीचे दाणे अवकाशात वितळून झाले. मग लघुग्रहाच्या पोटात ती इतकी भाजली, की दाण्यांच्या कडा पुसट झाल्या. मग दुसऱ्या लघुग्रहाच्या टकरीत तिच्यात वितळलेल्या शिरा पडल्या. त्या शिरांत आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या पोटात हजारो किलोमीटरपर्यंत हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथून ते आपल्या हाताला लागत नाही. शेवटी हवेतून खाली येताना ती बाहेरून काही सेकंद तापली, तिच्यावर काळी पातळ साल आली. चार वेळा तापली, आणि चारही वेळच्या खुणा वेगळ्या.

म्हणून मैत्रिणींनो, बाईंनी आम्हाला जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. अशनीला बाहेरून पातळ काळी साल असते, आत रंग सहसा फिका असतो. आत भोकं सहसा नसतात. ती साध्या दगडापेक्षा जड लागते. लोहचुंबक बहुतेक अशनींना चिकटतं, पण भट्टीच्या मळीलाही चिकटू शकतं, तेव्हा विकणाऱ्याने चुंबक लावून दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नका. आणि खरंच आकाशातून पडलेला दगड सापडला, तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे कळवायचा, सांभाळण्याचं काम त्यांचं आहे. अडलेली कामं दगडाने होत नाहीत, खऱ्यानेही नाही.

आता काकींचं काय झालं ते सांगतो. पुढच्या बैठकीत काकींनी स्वतः सगळ्यांना सांगितलं. एकदोघी कुजबुजल्या. मग सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. तिने तोंड उघडलं म्हणून उद्या आपल्यातली दुसरी वाचेल." ठराव झाला. चुकलेले दोन हप्ते पुढे ढकलले, दंड माफ केला, आणि मुलीच्या क्लासची फी छोट्या कर्जातून वेगळी भरली. काकींनी त्यानंतरचा एकही हप्ता चुकवलेला नाही. रजिस्टरमध्ये ते दोन कोरे रकाने मात्र आम्ही तसेच ठेवले आहेत, शेजारी कारण लिहून. खाडाखोड केली नाही.

तो दगड आता काकींच्या मुलीकडे आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिने तो मांडला होता, खाली चिठ्ठी लावून: "ही अशनी नाही. भट्टीची मळी आहे. भोकं पाहा." तिथे एका मुलाने तिला विचारलं, मग खरी अशनी कशी असते? ती अर्धा तास बोलत होती. काकी मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

तुमच्या भागात कोणी असा खडा विकायला आलं, तर आधी गटात बोला. आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी पुन्हा हप्ता, कर्ज आणि व्याज. नमस्कार.